उसनी झूल

मखमलाबादच्या जनावरांच्या दवाखान्यात वाल्मीक तीस वर्षं ड्रेसर होता. डॉक्टर यायचे, बदलून जायचे, वाल्मीक तिथंच. अडलेली गाय मोकळी करायची, बैलाच्या सोललेल्या खांद्याला मलम लावायचं, मारक्या म्हशीला अंगावर न येऊ देता सुई टोचायची, यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळं त्याबद्दल कुणाला शंकाही नव्हती. अशा माणसापुढं हत्तीचं पिल्लू येऊन उभं राहिलं तेव्हा त्याला ते काय दिसावं? वासरू. अंगाला राठ केस, नाक जरा जास्त लांबलेलं, पण वासरूच. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

ते सिंहस्थाचं वर्ष होतं, २००३. पर्वणीच्या स्नानाला एक महाराज पेठच्या रस्त्यानं हत्तीण घेऊन निघाले होते, मागं पाचेक महिन्यांचं मादी पिल्लू. वाटेत ज्या गावानं पाहिलं त्या गावानं तिला पेढे, गूळ, पुरणपोळ्या, केळ्यांचे घड असं काही ना काही भरवलं. नको कोण म्हणणार? मखमलाबादच्या गायरानाशी आली आणि ती बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर उज्वलामॅडमना नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. त्यांनी शिडी उभी करून तिला सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि दोन दिवस तिथून हलल्या नाहीत. बुधवारी सकाळी हत्तीण गेली. पर्वणी चुकेल म्हणून महाराज आदल्या दिवशीच पुढं गेले होते. माहूत चहा पिऊन येतो म्हणाला आणि आजतागायत चहाच पितो आहे. हत्तिणीचे कागद मागायला वनखात्याचा माणूस आला तेव्हा त्याला कळलं की कागद मुळात नव्हतेच. तिला कुठल्यातरी रानातून धरून आणलेली होती, पोटात हे पिल्लू असताना.

पिल्लू दुपारपर्यंत मेलेल्या आईला लुचत होतं. वाल्मीक त्याला मागच्या पायांकडं ढकलत होता, कारण गाईची कास मागं असते. पिल्लू पुन्हा पुन्हा पुढच्या पायांशी जायचं. मॅडम म्हणाल्या, "मामा, हत्तिणीची कास पुढं असते." वाल्मीक ओशाळला, पण वासरू हा शब्द काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

जेसीबीनं खड्डा खणला, चुना आणि मीठ टाकलं. सगळं गाव जमलं. वाल्मीकची बायको नवसाबाई झेंडूची फुलं घेऊन रोज बाजारात बसायची. त्या दिवशी तिनं दोन टोपल्या भरून फुलं खड्ड्यात ओतली. आणि मग वाल्मीकच्या मनात आलं की बाईमाणसाला असं उघडं पाठवू नये. माहूत हत्तिणीची झूल टाकून पळाला होता. लाल, जुनी, चार ठिकाणी शिवलेली, घामानं कडक झालेली. ती वाल्मीकनं खड्ड्यात उतरून स्वतःच्या हातानं तिच्या मानेवर पांघरली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "वाल्मीकभाऊ म्हनजे देवमाणूस हाय," असं चार जणांनी म्हटलं आणि ते त्याला ऐकू येईल अशा बेतानं म्हटलं. त्याला बरं वाटलं. तीनच दिवसांनी हे बरं वाटणं त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचणार होतं.

पिल्लाला दवाखान्याच्या शेडात आणलं. गुरुवारी वाल्मीकनं आपल्या गाईचं धारोष्ण दूध, बैलांना औषध पाजायच्या बांबूच्या नळ्यानं, पिल्लाच्या घशात दोन वेळा ओतलं. पिल्लू ठसकलं, अर्धं नाकातून बाहेर आलं, अर्धं पोटात गेलं. संध्याकाळपर्यंत त्याला पाण्यासारखी हगवण लागली. मॅडम एसटीडी बूथवर गेल्या होत्या. वनखात्याकडून नंबर मिळवून त्यांनी दक्षिणेतल्या हत्तींच्या छावणीला फोन लावला होता. अशी पोरकी पिल्लं तिथं सांभाळायचे, मोठ्या हत्तिणींबरोबर रानात सोडायचे, आणि त्यातली काही पुढं रानातल्या कळपात मिसळून जायची. परत आल्या त्या तोंड उतरवूनच.

"गाईचं दूध त्यांना पचत नाही, मामा. विषासारखं होतं. किती दिलंत?"

वाल्मीकनं सांगितलं. मॅडमनी तो आकडा कागदावर टिपून घेतला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

लहान मुलांची दुधाची पावडर, तांदळाची पेज, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ असं सगळं मॅडमनी कागदावर लिहून आणलं होतं. छावणीचा ट्रक शनिवारी निघून सोमवारी पोचणार होता. तोवर पिल्लू जगवायचं, एवढंच काम. गाव कामाला लागलं. सिंहस्थात नाशकात नारळाला काय तोटा? बायका ओट्यावर बसून नारळ खवायच्या, पंचाच्या फडक्यातून पिळायच्या. ज्यांच्या घरी तान्हं मूल होतं त्यांनी पावडरचे डबे आणून दिले. वाल्मीकनं सलाईनच्या मोठ्या बाटलीला रबरी बोंडी बसवली. दूध तयार होतं, बाटली तयार होती, आणि पिल्लू पीत नव्हतं.

बोंडी तोंडात घ्यायचं, एकदा चावायचं आणि सोडून द्यायचं. मग शेडात फिरत राहायचं. सोंड भिंतीला लावायचं, पाण्याच्या हौदाला लावायचं, बांधलेल्या बैलाच्या पोटाला लावायचं, वाल्मीकच्या छातीला लावायचं. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबायचं आणि पुढं जायचं. काय शोधतंय ते सगळ्यांना कळत होतं. ते तर गायरानात मातीखाली होतं. शनिवारी पिल्लाच्या कपाळाशी दोन खळगे पडले आणि चालणं थांबलं. मॅडमनी कानामागं सलाईन लावलं.

"यावर किती तग धरंल?" वाल्मीकनं विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत. फार तर." मॅडम भिंतीला टेकल्या. "परवा ट्रक येईल आणि रिकामा जाईल."

वाल्मीकच्या हातून जनावरं मेली नव्हती असं नाही. पण ती कशानं तरी मेली होती. कुणी साप चावून, कुणी पोट फुगून. हे पिल्लू भरल्या बाटलीशेजारी मरत होतं, आणि त्यात त्यानंच गाईचं दूध ओतून त्याचं उरलंसुरलं बळ काढून घेतलं होतं. तीस वर्षांची फुशारकी अशी एका शेडात उघडी पडली. तो बैलाच्या गव्हाणीवर बसून राहिला. त्याला रडू येत होतं, पण मॅडमसमोर लाज वाटत होती.

तिथं बसल्या बसल्या त्याला आठवलं. गाईचं वासरू मेलं की गाय पान्हा सोडत नाही. मग त्या वासराचं कातडं काढायचं, त्यात पेंढा भरायचा आणि ते गाईपुढं उभं करायचं. गाय चाटते आणि धार सुरू होते. त्यानं स्वतः अशी कितीतरी खोटी वासरं शिवली होती. खोटं वासरू चालतं, तर खोटी आई का नाही चालणार? तो ताडकन उठला. धनगराकडून काळी, जाड, टोचरी घोंगडी आणली, वाशाला दोर बांधून ती आडवी टांगली आणि खालून बाटली पुढं केली.

पिल्लानं मान वळवली. सोंड घोंगडीला लावली. सोंड खालपर्यंत गेली, वर आली, आणि गळून जमिनीवर पडली.

"मेंढराचा वास हाय त्याला," वाल्मीक पुटपुटला. आणि मग पुढचं त्याला आपोआप कळलं. खोटं वासरू चालतं ते पेंढ्यामुळं नाही, वरच्या कातड्यामुळं. त्या कातड्याला वास असतो. हत्तिणीचा वास असलेली एकच गोष्ट या मुलखात होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं, लोकांच्या वाहवेत, पुरून टाकली होती.

दुसरा दिवस रविवार, गणपती बसायचा. घरोघर पाट मांडले होते. वाल्मीकनं फावडं उचललं तेव्हा नवसाबाई नुकतीच गायरानातून येत होती. बुधवारपासून तिचा हा नेम झाला होता. रोज सकाळी जायचं, मातीला पडलेल्या भेगा हातानं सारख्या करायच्या, फुलं ठेवायची. आता तिथं गावातल्या इतर बायकाही जाऊ लागल्या होत्या. कुणी दगडाला शेंदूर फासला होता.

"फावडं कशाला? आज गणपती बसायचा."

"गायरानात जातो. झूल काढतो."

नवसाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "पुरलेलं उकरायचं? आजच्या दिवशी? तुमी काय बोलता ते तुमचं तुमाला तरी कळतंय का?"

"पिल्लू मरतंय."

"मंग मरू द्या! सगळ्यांनी एवढं केलं, तुमी मढं उकरणार! हातानं पांघरलं न् हातानंच वढून काढणार? उद्या गावात तोंड दाखवायचंय मला."

वाल्मीकनं फावडं खाली ठेवलं. भांडायला त्याच्यात जीव नव्हता. "तू एकदा शेडात चल," तो म्हणाला. "तू त्याला बघितलंच नाय अजून. बघ, आन् मंग नाय म्हन. मी नाय जाणार."

तिनं पाहिलं नव्हतं हे खरं. मेलेल्या आईची सेवा करणं सोपं होतं; उपाशी पोराकडं बघायचं धाडस तिला झालं नव्हतं. ती तणतणत आली आणि शेडाच्या दारातच थबकली. पिल्लू आडवं पडलं होतं. मॅडम त्याच्या डोक्यावर ओलं पोतं ठेवत होत्या. नवसाबाई जवळ जाऊन बसली आणि तिनं भीत भीत त्याच्या गालावर हात ठेवला.

सोंडेचं टोक हललं. ते तिच्या बोटांवर आलं, तळव्यावर फिरलं, पुन्हा बोटांवर आलं. मग अख्खी सोंड तिच्या मनगटाला विळखा घालून बसली. पिल्लू पाय झाडत उठायला लागलं. मॅडमनी आणि वाल्मीकनं खालून आधार दिला. चार पायांवर लटपटत उभं राहिलं, आणि तोंड उघडून नवसाबाईचं कोपर चोखू लागलं.

"अगं बाई! मला वळखलं!" नवसाबाई हसली आणि रडली. "बघा, मला वळखलं!"

मग तिचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं. नखांत माती होती. गायरानातली, सकाळचीच, चुन्याचे पांढरे कण असलेली. तिचं हसू तिथंच राहिलं. पिल्लू कोरड्या कोपराला लुचत होतं, काही येत नव्हतं, तरी सोडत नव्हतं.

"माझा नाय वास घेत ती," नवसाबाई म्हणाली. मग हलकेच हात सोडवून घेऊन उठली. "ते फावडं कुठं टाकलंत?"

गायरानात पाचसहा बायका आरतीची ताटं घेऊन आल्या होत्या. नवसाबाईनं पदर खोचला, फुलं ओंजळीनं बाजूला केली, शेंदराचा दगड उचलून नीट एका कडेला ठेवला. कुसाबाई त्या सगळ्यांत वयानं मोठी. ती ओरडली, "नवसे, डोकं फिरलं का तुझं? पाप लागंल!"

"लागू दे. ते मला लागू दे. तुमी जाऊन नारळ खवा, लय लागणार हायेत."

पहिलं फावडं तिनंच मारलं. मारण्याआधी वाकून मातीला हात लावला आणि कुणाशी बोलावं तसं म्हणाली, "बाई, तुझी झूल उसनी नेते. तुझ्या पोरीसाठीच नेते. परत आणून दीन." मग वाल्मीक, मग बघायला आलेले दोघे तिघे, असे खणत गेले. पाच साडेपाच फुटांवर लाल रंग दिसला आणि वासानं पुरुष मागं सरकले. एक जण बांधावर जाऊन ओकला. वाल्मीकनं तोंडाला फडकं बांधलं, खाली उतरला आणि झूल ओढली. ती निघेना. मानेखाली अडकलेली तिची कड त्याला सोडवून घ्यावी लागली, एका हातानं हत्तिणीचा जड कान उचलून धरत. "माफ कर गं, माफ कर," एवढंच तो म्हणत होता. ज्या हातानं पांघरली त्याच हातानं काढताना त्याला स्वतःचीच किळस आली.

हौदाशी कुणीतरी बादली पुढं केली. चुना तेवढा झटकला. "धुवायची नाय," वाल्मीक खेकसला. धुतली असती तर सगळंच फुकट होतं.

घोंगडीवर झूल टाकली. शेडात उभं राहवत नव्हतं. वाल्मीक पुढच्या बाजूला, जिथं पुढचे पाय असते तिथं, झुलीखाली उकिडवा बसला, हातात बाटली घेऊन. पिल्लानं कान पसरले. सोंड उचलली, झुलीला लावली आणि तिथंच ठेवली. त्याच्या छातीतून एक आवाज आला, इतका खालचा की तो ऐकू येण्याऐवजी पायाखालच्या फरशीला जाणवला. मग ते पुढं आलं, कपाळ झुलीत खुपसलं, सोंड वर दुमडली आणि तोंड उघडून खाली शोधू लागलं. बोंडी त्याच्या जिभेला लागली. ते प्यालं.

पहिली बाटली संपली. दुसरी संपली. बाहेर कुणाच्या तरी घरी आरती चालू झाली होती, टाळ्या ऐकू येत होत्या. वाल्मीक त्या कुजक्या वासात झुलीखाली बसून हमसून हमसून रडत होता आणि मॅडमसमोर आता त्याला लाज वाटत नव्हती. वाल्मीकच्या घरचा गणपती त्या दिवशी दुपारी चारला बसला.

सोमवारी ट्रक आला. त्यातून छावणीतला एक म्हातारा माहूत उतरला, काळा, वाळका, मोडकं हिंदी बोलणारा. त्यानं पिल्लाचं तोंड, पोट, शेण सगळं पाहिलं. झुलीचा वास घेतला आणि वाल्मीकच्या खांद्यावर हात ठेवला. वाल्मीकनं पिशवी भरून ठेवली होती. तो बरोबर जाणार होता. रजेचा अर्जही लिहिला होता.

म्हातारा नाही म्हणाला. आदमी की आदत पडली तर ही कधी रानात जाणार नाही, त्यानं समजावलं. आत्ताच ती वाल्मीकच्या पावलांच्या आवाजानं कान हलवते, हे चांगलं नाही. आता त्यानं तिच्यासमोर येऊच नये. झूल मात्र न्यायची. ती मोठ्या हत्तिणींच्या शेजारी टांगायची आणि दर थोड्या दिवसांनी एक पट्टी कापायची. तिच्या नकळत आई लहान करत न्यायची. शेवटी तळहाताएवढी राहील. ज्या दिवशी ती कळपाबरोबर रानात जाईल आणि संध्याकाळी त्या तुकड्यासाठी परत येणार नाही, त्या दिवशी काम झालं.

"तो तुकडा मला पाठवा," नवसाबाई मधेच म्हणाली. "मी उसनी आणलीय. परत द्यायचीय."

मॅडमनी पाकिटावर वाल्मीकचा पत्ता लिहून, तिकिटं लावून म्हाताऱ्याला दिलं. त्यानं ते बनियनच्या आत ठेवलं. "पोरगी मेली," तो सरळ म्हणाला, "तर कपडा तिच्याबरोबर जाईल. मग तुमको कुछ नहीं आएगा. मेरे को लिखना नहीं आता."

ट्रक निघाला तेव्हा वाल्मीक शेडामागं भिंतीला पाठ लावून उभा होता. पिल्लू ओरडत होतं. त्याला बोलावत होतं की आणखी कुणाला, कोण सांगणार? त्यानं कानांत बोटं घातली होती, तरी मखमलाबाद नाक्यापर्यंत त्याला ते ऐकू आलं.

पुढं काही आलं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. मॅडमची बदली वणीला झाली, मग आणखी कुठं. छावणीचा नंबर बदलला. वाल्मीक निवृत्त झाला. काही न येण्याचे दोन अर्थ होते. पिल्लू अजून त्या झुलीला चिकटून आहे, किंवा ते आणि झूल दोन्ही मातीत आहेत. नवसाबाई पोस्टमनला रोज विचारायची. वाल्मीक विचारायचा नाही. तो फक्त पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसलेला असायचा, आणि सायकल पुढं गेली की त्या दिवशी त्याला गाईचं दूध चालायचं नाही, चहासुद्धा काळा प्यायचा. गावाला तो चक्रमपणा वाटायचा. चौथ्या वर्षी नवसाबाईनंही विचारणं सोडलं. "गेली असंल," ती एकदाच म्हणाली, आणि त्यावर दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

२००८ च्या पावसाळ्यात पाकीट आलं. पिवळं पडलेलं, कडा फाटलेल्या, मॅडमचं अक्षर. वाल्मीकला वाटलं, मॅडमनीच काही कळवलं. उघडलं तर आत कागद नव्हता. तळहाताएवढा लाल तुकडा होता, एका बाजूनं शिवलेला, आणि चोखून चोखून कडेनं विरलेला.

त्यानं तुकडा बायकोपुढं धरला. तिनं तो नाकाला लावला. "रानाचा वास हाय," ती म्हणाली.

गायरान आता प्लॉट पाडून विकलं गेलं होतं, भोवती कंपाउंड होतं. वॉचमन आत सोडेना. नवसाबाईनं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, जिथून ती जागा सगळ्यांत जवळ पडत होती तिथं, खुरप्यानं वीतभर माती उकरली. वाल्मीक बाजूला उभा होता, पाकीट छातीशी धरून.

"घे बाई," ती म्हणाली. "तुझी तुला दिली. पोरगी संध्याकाळची परत आली नाय."

आणि दोघांनी मिळून हातानं माती सारखी केली.